रेंज गेल्यावर उपग्रह मदतीला येतो का?

पावसाळा ओसरला की पुण्यातले सायकलस्वार रविवारी पहाटे घाटाच्या दिशेने निघतात. कोणी ताम्हिणीला, कोणी भोरवरून वरंध्याला, कोणी पाबे घाट चढून वेल्ह्याला आणि तिथून केळदला. मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी गाठेपर्यंत फोनची रेंज ये-जा करते आणि विळ्याच्या उतारावर ती बऱ्याच ठिकाणी साफ जाते. नीरा देवघरच्या काठाने वरंध्याकडे जातानाही तीच गत. टॉवर गावाजवळ असतो, रस्ता दरीत शिरतो आणि मध्ये डोंगराची सोंड आडवी येते. अशा वळणावर कोणी पडलं आणि मांडीचं हाड मोडलं तर काय करायचं? या प्रश्नाला हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं, ‘आता उपग्रहावरून मेसेज जातो की!’ पुण्याच्या सर्वसामान्य सायकलस्वारासाठी हे उत्तर आज खरं नाही. त्याच्या भरवशावर घाटात शिरणं धोक्याचं आहे, म्हणून त्यामागच्या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज : माझ्या सायकल कॉम्प्युटरला उपग्रह सापडतात, म्हणजे संदेशही जाईल.

जीपीएसचा सगळा कारभार एकतर्फी आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळ आणि स्वतःचं स्थान सांगणारे संकेत सतत सोडत राहतात. हँडलबारवरचं यंत्र किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकून आपली जागा काढतं. उलट बोलायची सोय त्यात नाही. भारताच्या नाविक प्रणालीवर फोन जागा दाखवतो, तेव्हाही तेच घडतं. म्हणून रेंज नसतानाही नकाशावरचा ठिपका इमानाने सरकतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, आपण जोडलेले आहोत.

खरी फसगत अपघात ओळखण्याच्या सोयीत होते. सायकल आपटली की यंत्राला धक्का कळतो, स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू होते आणि ती कोणी थांबवली नाही तर घरच्यांना संदेश पाठवण्याचा हुकूम सुटतो. तो हुकूम ब्लूटूथवरून जर्सीच्या मागच्या खिशातल्या फोनला जातो. पुढचं काम फोनचं, आणि फोनला टॉवर हवा. टॉवर नसेल तर संदेश खिशातच राहतो. स्ट्राव्हाचं बीकन, गार्मिनचं लाइव्हट्रॅक, व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन या साऱ्यांचं असंच आहे. घरी बसलेल्यांना मात्र तुमचा ठिपका शेवटच्या रेंजच्या जागी थांबलेला दिसतो, आणि तुम्ही चहाला थांबलात की दरीत पडलात हे त्यावरून कळत नाही.

गैरसमज : अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून इनरीच मागवू. जीव वाचवायचं यंत्र आहे, त्याला कोण हरकत घेणार?

हरकत घेतली जाते आणि ती गंभीर असते. गार्मिनचं इनरीच हे तळहाताएवढं यंत्र खरोखर दोन्ही बाजूंनी बोलतं. ते सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या इरिडियमच्या उपग्रहांमार्फत छोटे संदेश पाठवतं आणि घेतं. पण भारतात इरिडियम आणि थुराया या जाळ्यांवर चालणारी उपकरणं बाळगायला मनाई आहे. 1885 चा टेलिग्राफ कायदा आणि 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा हे याचे जुने आधार. 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी सरकारी मान्यतेची अट ठेवली आहे. परवानगी मिळते ती इनमारसॅटवरच्या सेवेला, तीही दूरसंचार विभागाकडून.

मुंबईवरच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी थुरायाचा फोन वापरला होता. त्यानंतर अशा उपकरणांवरची नजर आणखी कडक झाली. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका महिला धावपटूला सामानातल्या इनरीचमुळे ताब्यात घेतलं गेलं आणि तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. तिला नियम ठाऊक नव्हता, पण म्हणून सुटका झाली नाही. ‘फोन नाही, नुसता ट्रॅकर आहे’ हा बचावही कामाचा नाही, कारण कायदा कॉल आणि मेसेज असा भेद करत नाही. तेव्हा परदेशातून येणाऱ्या मावशीच्या बॅगेत हे यंत्र घालायला सांगू नका. अडकेल ती मावशी.

आणि यंत्र असतं तरी काय झालं असतं? इनरीचचं एसओएस बटण दाबल्यावर संदेश टेक्सासमधल्या मॉन्टगोमेरीच्या केंद्रात पोहोचतो. तिथला माणूस त्या त्या देशातल्या यंत्रणेला फोन लावतो. हेलिकॉप्टर आपोआप उडत नाही. सह्याद्रीत दोर घेऊन दरीत उतरतात ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या पथकांतले स्वयंसेवक आणि त्यांच्या आधी पोहोचलेले वाडीवरचे लोक. शिवाय उपग्रहाला उघडं आकाश लागतं. दोन्हीकडे कडे आणि डोक्यावर भिजलेली दाट झाडी असेल तर संदेश रखडतो.

नवा फोन थेट उपग्रहावरून संदेश पाठवेल, ही समजूत थोडक्यात आटोपते. आयफोन 14 पासूनच्या फोनांत उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवायची सोय आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ती अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली, मग इतर काही देशांत गेली. भारत त्या यादीत नाही. फोन न्यूयॉर्कमध्ये घेतलेला असला तरी ताम्हिणीत ही सोय चालू होत नाही. बीएसएनएलने व्हायासॅट कंपनीसोबत नोव्हेंबर 2024 मध्ये थेट फोनपर्यंत पोहोचणाऱ्या उपग्रह सेवेची घोषणा केली, पण तुमच्या-आमच्या सिमकार्डावर ती आलेली नाही. स्टारलिंकला जून 2025 मध्ये परवाना मिळाला, तो डिश लावून घ्यायच्या इंटरनेटचा. सायकलवर त्याचा उपयोग नाही.

गैरसमज : रेंज नसली तरी 112 लागतोच.

यात अर्धं सत्य आहे. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल, तर 112 चा कॉल त्या टॉवरवरून जाऊ शकतो. म्हणून स्क्रीनवर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ दिसलं तर लगेच लावून बघा. पण कोणाचाच टॉवर नसेल तर 112 सुद्धा मुका.

मला मनापासून खटकते ती एक गोष्ट. संकटाचा संदेश उपग्रहावरून पाठवायची अधिकृत भारतीय व्यवस्था अस्तित्वात आहे, फक्त ती समुद्रासाठी आहे. इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेला डॅट हा आपत्कालीन ट्रान्समीटर 2010 पासून वापरात आहे. बोटीवरून बटण दाबलं की इशारा उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्रात पोहोचतो आणि तिथून तटरक्षक दलाला कळवलं जातं. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत ‘तुमचा संदेश मिळाला’ अशी पोचही बोटीवर परत येते. सुरक्षेची काळजी सांभाळून, यंत्राची नोंदणी करून, देशी उपग्रहावर हे सगळं जमलेलं आहे. मग डोंगरात हिंडणाऱ्यांसाठी, धनगरवाड्यांसाठी, वनरक्षकांसाठी असंच नोंदणीकृत यंत्र का असू नये? सायकल आणि गिर्यारोहण संस्थांनी दूरसंचार विभागाकडे एकत्र जाऊन ही मागणी लावून धरायला हवी.

तोवर भिस्त ठेवायची ती रेंज जाण्याआधीच्या तयारीवर. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, साडेतेरा तासांची मुदत असते आणि वाटेत कंट्रोल, म्हणजे हजेरीचे थांबे, ठरलेले असतात. आपल्या रविवारच्या राइडलाही तसेच कंट्रोल लावा. पौडला एक मेसेज, ताम्हिणीत शिरण्यापूर्वी शेवटच्या रेंजवर दुसरा: ‘घाटात शिरतोय, विळ्याला साडेदहापर्यंत, बारापर्यंत कळवलं नाही तर शोध सुरू करा.’ ही शेवटची वेळ फार मोलाची, कारण ती नसेल तर घरचे संध्याकाळपर्यंत ‘येईल’ म्हणत बसतात. गटात दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असावीत. नकाशा आधीच डाउनलोड केलेला असावा. रक्तगट आणि घरचा नंबर लॉक स्क्रीनवर दिसावा, आणि फोन फुटला तर म्हणून कागदावरही असावा. इंटरनेट रांगत असेल तिथेही साधा एसएमएस निघून जातो, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या फिरत्या चक्राकडे बघत बसू नका.

अपघात झालाच तर जखमीला एकटं सोडायचं नाही. एकाने तिथेच थांबायचं, दुसऱ्याने निघायचं. निघण्याआधी फोनवर अक्षांश-रेखांश बघून लिहून घ्यायचे, ते रेंजशिवायही दिसतात. वाटेत जो पहिला माणूस भेटेल, गुराखी, एसटीचा चालक, टपरीवाल्या मावशी, त्याला विचारायचं, ‘रेंज कुठं येते?’ घाटातल्या माणसांना तो नेमका दगड, ती नेमकी खिंड पाठ असते. तिथे पोहोचल्यावर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावून आकड्यांसोबत रस्त्याचं नाव, कोणत्या दोन गावांच्या मध्ये, घाट चढताना की उतरताना, हे सांगायचं. आणि फोन ठेवल्यावर जखमीकडे परत पळायचं नाही. रुग्णवाहिकेचा चालक रस्ता विचारायला त्याच नंबरवर फोन करतो, म्हणून ती येईपर्यंत निरोप्याने रेंजच्या जागीच थांबायचं.