प्रज्ञा : मनूला न मानवणारे नाव

मुरबाड-शहापूरच्या कुठल्याही बौद्ध वस्तीत मुलींची नावे विचारा. प्रज्ञा, करुणा, समता भेटतातच. त्यांच्या पणज्या मात्र धोंडाबाई, दगडाबाई, कचराबाई होत्या. मूल जगावे म्हणून अशी नावे इतर जातींतही ठेवत, हे खरे. पण आपल्या वाट्याला मनुस्मृतीचा हुकूमही होता. दुसऱ्या अध्यायाचा ३१ वा श्लोक शूद्राचे नाव निंदादर्शक असावे म्हणतो. ३३ वा श्लोक स्त्रीचे नाव उच्चाराला सोपे, मनोहर असावे म्हणतो. एकाला हिणवायचे, दुसरीला गोंजारायचे!

'प्रज्ञा' हे नाव या दोन्ही श्लोकांना जुमानत नाही. त्यात निंदा नाही आणि उच्चाराला तर ते मुळीच सोपे नाही. पालीत 'पञ्ञा', म्हणजे नीट, खोलवर जाणणे. ऐकून, विचार करून आणि स्वतः अनुभवून ती वाढते, असे धम्म सांगतो. तथागतांनी भिक्खुणींमध्ये प्रज्ञेत अग्रस्थान दिले ते खेमा थेरीला. म्हणजे प्रज्ञा ही पुरुषांची मक्तेदारी तेव्हाही नव्हती.

१२ मे १९५६ रोजी बीबीसीवरून बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध धम्म का आवडतो याची तीन कारणे दिली : प्रज्ञा, करुणा, समता. प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धा आणि दैवी चमत्कार यांच्याविरुद्धची समज, असा अर्थही सांगितला. पाच महिन्यांनी नागपूरला दीक्षा झाली. 'प्रज्ञा' आज इतर समाजांतही आहे, त्यात वाईट काही नाही. पण ही तिन्ही तत्त्वे एकाच घरातल्या तीन बहिणींची नावे होतात ती आपल्याकडेच!

अडचण कागदावर सुरू होते. इंग्रजीत 'ज्ञ' कुणी 'डी-एन-वाय' लिहितो, कुणी 'जी-वाय', कुणी 'जे-एन'. शाळेचा दाखला एक, आधार दुसरे, जातीचा दाखला तिसरा. जात पडताळणीच्या वेळी त्रुटी निघते, ऐन प्रवेशाच्या दिवसांत पोरगी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र यांत अडकते. अशी कितीतरी प्रकरणे माझ्याकडे येतात.

पालकांनो, जन्माच्या नोंदीत नाव राहिले असेल तर १९६९ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ते नंतर भरता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागणार आहे. तेव्हा नोंद करायला जाताना नावाचे इंग्रजी स्पेलिंग ठळक अक्षरांत लिहून न्या आणि दाखला हातात पडताच तिथेच वाचून पाहा.