पडद्यामागचीही पदवी असते!

तिसरी घंटा होते, नाट्यगृहातले दिवे मंद होतात आणि पडदा वर जातो. पुढचे दोन-अडीच तास आपण नाटकात रंगून जातो. घरी येताना गप्पा कोणाच्या? नायिकेच्या साडीच्या, नायकाच्या विनोदांच्या, फार तर लेखकाच्या. पण नायिका रागाने जो ग्लास आपटते, तो बरोबर त्याच टेबलावर कोणी ठेवला होता? ती सोफ्यावर बसल्यावरच दाराची बेल कशी वाजली? मध्यंतरात आपण वडा-चहा घेऊन येईपर्यंत दिवाणखान्याचं हॉस्पिटल कोणी केलं? हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर ते पडू नयेत, हेच त्या पडद्यामागच्या माणसांच्या कामाचं यश असतं!

हे काम विद्यापीठात रीतसर शिकता येतं, हे आमच्या कर्जत-खालापूर भागात किती जणींना ठाऊक असेल? गेल्या वर्षी आमच्या बचत गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांची मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्या म्हणाल्या, "अहो ताई, पोरगी म्हणते नाटकाचं शिकायचंय. बरं, नटी पण व्हायचं नाही म्हणते. मग नाटकात दुसरं असतं तरी काय?" वडिलांचं म्हणणं होतं, बी.एड. कर आणि मोकळी हो. मुलगी हट्टाला पेटलेली. घरात आठवडाभर अबोला.

प्रश्न साधा होता, पण त्यात खूप काही दडलेलं होतं. आपल्या भाषेतच बघा ना, मूल हट्ट करायला लागलं की आपण म्हणतो, "नाटकं करू नकोस!" नाटक म्हणजे खोटेपणा, नाटक म्हणजे वाया जाणं, हे आपल्या मनात कुठेतरी घट्ट बसलेलं. त्यात मुलीचं नाव आलं की चिंता दुप्पट.

काम तरी काय असतं?

सोपं करून सांगते. नाटकाच्या तालमी सुरू होतात तेव्हा खरा सेट नसतो. मग जमिनीवर चिकटपट्टी लावून इथे दार, इथे जिना, इथे खिडकी अशा खुणा करतात. कोण नट कुठून येतो, कोणत्या वाक्याला उठतो, कुठे वळतो, हे सगळं संहितेच्या एका प्रतीत टिपून ठेवावं लागतं. कोणत्या शब्दाला दिवा बदलायचा, कोणत्या शब्दाला संगीत, कधी फोन वाजवायचा, याच्याही खुणा त्याच प्रतीत. प्रयोगाच्या वेळी हीच प्रत समोर ठेवून रंगमंच व्यवस्थापक, म्हणजे स्टेज मॅनेजर, एकेक इशारा देत जातो. आधी 'तयार राहा' आणि मग नेमक्या क्षणी 'हां, आता!' एक इशारा चुकला तर नट फोन उचलून "हॅलो" म्हणतो आणि फोन नंतर वाजतो. प्रेक्षक हसतात, गंभीर प्रसंगाचा विचका होतो.

याशिवाय प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू. चष्मा, पत्र, चहाचे कप, पूजेचं ताट. प्रत्येक वस्तूची यादी, विंगेत तिची ठरलेली जागा, आणि प्रयोग संपल्यावर ती परत मोजून पेटीत. कपडेपटात कोणता पोशाख कोणत्या अंकाला, रंगपटात कोण किती वाजता हजर हवा, सेटच्या खिळ्याखुंट्या पक्क्या आहेत ना, वायर कोणाच्या पायात येणार नाही ना, आग विझवण्याचं साहित्य जागेवर आहे ना, हे सगळं बघायचं.

हे झालं रंगमंचाचं. निर्मिती व्यवस्थापन त्याहून पसरलेलं. नाट्यगृहाच्या तारखा मिळवणं, खर्चाचा अंदाज, सेटचा टेम्पो, कलाकारांची बस, दौऱ्यावर जेवणाखाण्याची सोय, प्रत्येकाची 'नाइट' म्हणजे प्रयोगाचा मेहनताना वेळेवर देणं. व्यावसायिक मराठी नाटकाच्या जाहिरातीत 'सूत्रधार' म्हणून एक नाव असतं, ते तुम्ही वाचलं असेल. तो संस्कृत नाटकात सुरुवातीला येणारा सूत्रधार नव्हे. नाटकाच्या व्यवहाराची सगळी सूत्रं ज्याच्या हातात असतात, तो हा माणूस.

आता सांगा मैत्रिणींनो, हे वाचताना काही ओळखीचं वाटलं का? घरच्या लग्नात मुहूर्ताच्या वेळी अंतरपाट, अक्षता, मंगळसूत्र, करवलीचा कलश, सगळं जागच्या जागी असतं. आचाऱ्याला किती पानं सांगायची, वरपक्षाची गाडी कुठे पोहोचली, भटजींची दक्षिणा कोणाकडे दिली, हे एकाच बाईच्या डोक्यात असतं. फोटोत मात्र ती बहुतेक वेळा नसते! मंडळाचं हळदीकुंकू असो, नवरात्र असो, मंगळागौर असो, आपण हे काम वर्षानुवर्षं फुकट आणि बिनबोभाट करत आलो आहोत. त्याला शास्त्र आहे, पगार आहे आणि पदवीसुद्धा आहे, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलं नाही.

शिकायचं कुठे?

आपल्याकडे फक्त रंगमंच व्यवस्थापनाची अशी वेगळी पदवी सहसा नसते. नाट्यशास्त्राच्या पदवीतच नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा आणि निर्मितीचं काम शिकायचं असतं. अभ्यासासाठी जी नाटकं बसवली जातात, त्यांत विद्यार्थीच पाळीपाळीने सगळी कामं करतात. आज ज्याने मुख्य भूमिका केली, तो पुढच्या नाटकात विंगेत उभा राहून पडदा ओढतो. परदेशात मात्र लंडनच्या राडा, गिल्डहॉल यांसारख्या नामांकित संस्थांत स्टेज मॅनेजमेंटचं पदवीपर्यंतचं स्वतंत्र शिक्षण मिळतं.

आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे मुंबई विद्यापीठ. रायगड जिल्हा याच विद्यापीठात येतो. म्हणजे कर्जत-खोपोलीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली मुलगी आधीच या विद्यापीठाची असते! तिथे कलिना संकुलात २००३ मध्ये 'अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स' सुरू झाली. तिचे संस्थापक-संचालक वामन केंद्रे. पुढे २०१३ मध्ये तेच दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. कलिन्याचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा, दोन वर्षांचा आहे.

पुण्याच्या विद्यापीठात 'ललित कला केंद्र' आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राला 'गुरुकुल' म्हणतात. नाटककार सतीश आळेकर यांनी बरीच वर्षं त्याची धुरा सांभाळली. तिथे बारावीनंतरही नाटक, नृत्य, संगीत शिकायची सोय आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभागही जुना आणि नावाजलेला.

आणि मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एन.एस.डी. स्थापना १९५९ ची. आपल्या पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ तिथे संचालक होते. रंगमंचाच्या स्वच्छतेपासून वेळेच्या काटेकोरपणापर्यंत त्यांनी लावलेल्या शिस्तीबद्दल त्यांचे विद्यार्थी आजही बोलतात. सई परांजपे, रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष याच विद्यालयातल्या. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावृत्तीही मिळते. स्पर्धा मात्र फार मोठी.

बाईने पडदा ओढायचा?

मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ पासून सांगतात. त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. त्यातली सीता अर्थातच पुरुष होता. पुढे स्त्रियांच्या नाटक मंडळ्या निघाल्या, हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका धीटपणे रंगमंचावर आल्या. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, तेव्हा केवढी चर्चा झाली! विजयाबाई मेहतांनी १९६० मध्ये 'रंगायन' उभं केलं आणि बाई दिग्दर्शकाच्या खुर्चीतही ठामपणे बसली.

म्हणजे समोर उभं राहायलाच आपल्याला नव्वद वर्षं लागली. पडद्यामागे मात्र अजूनही पुरुषच जास्त दिसतात. सेट जड असतो, दौरे असतात, रात्र होते, ही कारणं सांगितली जातात. सेट जड असतो हे खरं, पण तो चौघे मिळून उचलतात. यादी सांभाळायला, वेळ पाळायला आणि वीस माणसांचे मूड सांभाळायला काय लागतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको!

रात्रीची काळजी मात्र खरी आहे, ती झटकून टाकायची नाही. कर्जतहून कुर्ल्याला लोकलने दीड-पावणेदोन तास लागतात, तिथून पुढे कलिना. खोपोलीकरांना बरेचदा कर्जतला गाडी बदलावी लागते. तालीम लांबली तर रोजचं जाणं-येणं कठीणच. म्हणून प्रवेश घेण्याआधीच वसतिगृह आहे का, नातेवाइकांकडे सोय होईल का, रात्रीच्या तालमीनंतर मुली कशा परततात, हे स्वतः जाऊन विचारायचं. त्यात लाजायचं काय?

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईला माहीत हवी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. विद्यापीठं आणि कॉलेजांतही अशी समिती बंधनकारक आहे. नाटक कंपनीत जाणारी मुलगी असो की बँकेत जाणारी, हा कायदा दोघींचा आहे. मुलीला घरात अडवून ठेवण्यापेक्षा हे माहीत करून देणं जास्त उपयोगाचं.

पोट भरेल का?

हा प्रश्न बापाने विचारला तर त्याच्यावर रागवू नये. तो विचारायलाच हवा. नाटकाची 'नाइट' रोज मिळत नाही. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात, हे मुलीलाही स्पष्ट सांगावं. पण शिकलेलं कौशल्य फक्त नाटकापुरतं राहत नाही. मालिका, चित्रपट, जाहिराती, महोत्सव, शाळांची स्नेहसंमेलनं, कंपन्यांचे सोहळे, सगळीकडे हीच माणसं लागतात.

दूर कशाला, आपल्याकडेच बघा. खालापूर तालुक्यात चौक-कर्जत रस्त्यावर नितीन देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. कोकणातून आलेल्या या कलादिग्दर्शकाने 'लगान', 'देवदास' यांसारख्या चित्रपटांची दुनिया उभी केली आणि चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. 'जोधा अकबर'चे महाल याच स्टुडिओत उभे राहिले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं अकाली आणि दुःखद निधन झालं. कर्जाच्या डोंगराची चर्चा तेव्हा सगळीकडे झाली. या क्षेत्रात कलेइतकाच पैशाचा हिशोब महत्त्वाचा असतो, हेही त्यातून आपल्याला कळलं. निर्मिती व्यवस्थापन शिकायचं ते याचसाठी.

शिवाय आपल्या भागातली फार्महाऊस आणि रिसॉर्ट बघा. मुंबई-पुण्याची लग्नं, कंपन्यांची संमेलनं इथे होतात. दिवे, मंच, ध्वनी, पाहुण्यांची वेळ सांभाळायला माणसं बाहेरून येतात. आपल्या मुली बहुतेक स्वागताला गुलाबाची फुलं देत उभ्या असतात. त्यांनी हातात वॉकीटॉकी घेऊन सगळा कार्यक्रम चालवला तर?

बचत गटातल्या त्या ताईंना मी एवढंच सुचवलं, की भांडण बाजूला ठेवा आणि बाप-लेकीने एकदा कलिन्याला जाऊन या. दोघं गेली, विभाग पाहिला, फी विचारली, वसतिगृहाचं विचारलं. परत आल्यावर वडील म्हणाले, "तिथं पोरी शिडीवर चढून दिवे लावत होत्या." होकार अजून पूर्ण आलेला नाही. मुलीने अर्ज मात्र भरला आहे आणि अबोला संपला आहे.

तुमच्या घरात अशी मुलगी असेल तर तिला आधी गावातच अनुभव घेऊ द्या. कॉलेजच्या एकांकिकेत, विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तिला विंगेतली जबाबदारी मागून घ्यायला सांगा. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात नाटक बघायला गेलात तर तिला पंधरा मिनिटं आधी न्या, प्रयोग संपल्यावर सेट कसा उतरतो ते बघू द्या. आवड खरी आहे की हौस, हे तिथेच कळेल.

आणि यंदा शाळेच्या गॅदरिंगला एक गोष्ट नक्की करा. नाचणाऱ्या, गाणाऱ्या मुलींची नावं माईकवरून घेतली जातातच. त्यांच्याबरोबर हातात यादी घेऊन विंगेत घामाघूम झालेल्या मुलीचंही नाव घ्या. टाळ्या तिलाही मिळू द्यात!