तेल अडवतं कोण?

फ्रेंच प्रेसच्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढतं का, हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. उत्तर ‘हो’ असंच आहे, पण त्यात कॅफिनचा हात नाही. प्रेसमधून नुकत्याच ओतलेल्या कॉफीवर तिरका उजेड पडला की पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब चमकतात. कोलेस्टेरॉल वाढवणारी कॅफेस्टॉल आणि काहवेऑल ही रसायनं या तेलातच असतात. प्रेसच्या धातूच्या जाळीतून ती सहज निसटतात, कागद मात्र त्यांना जवळजवळ पूर्ण अडवतो. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद घेऊन कागदी फिल्टर केला तो गाळ आणि कडवटपणा टाळायला. रक्तवाहिन्यांची चिंता तेव्हा कुणाला होती!

संशय आधी कॉफीवरच आला. 1983 मध्ये डाग थेले आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या पाहणीतून दाखवलं, की कप वाढतात तसं कोलेस्टेरॉलही वाढतं. इतर ठिकाणचे आकडे मात्र जुळेनात. मेख होती कॉफी करण्याच्या रीतीत: नॉर्वेत पूड पाण्यात उकळून, न गाळताच प्यायची पद्धत होती. प्रेसमध्ये पूड उकळत नसली तरी तेल कपात उतरतंच. 1996 मध्ये डच संशोधकांनी 46 निरोगी माणसांचे दोन गट पाडून एकाला प्रेसची, दुसऱ्याला कागदाने गाळलेली कॉफी चोवीस आठवडे दिली. प्रेसच्या गटात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 9 ते 14 टक्क्यांनी चढलं.

यावर कुणी म्हणेल, ती मंडळी रोज 0.9 लिटर कडक कॉफी पीत होती. हरकत रास्त आहे. सकाळच्या एका कपाने तेवढी वाढ होणार नाही, त्यामुळे ‘घातक फ्रेंच प्रेस’ छापाचे मथळे खुशाल सोडून द्यावेत. शिवाय कोलेस्टेरॉल वाढणं म्हणजे हृदयविकार होणं नव्हे. पण 2020 मध्ये नॉर्वेतल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा गाळलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. लेखकांत थेले होतेच, सदतीस वर्षांनंतरही त्याच प्रश्नामागे! अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. मात्र डच प्रयोगाशी ती जुळते, म्हणून झटकूनही टाकता येत नाही. एलडीएल आधीच चढलेलं असेल आणि दिवसाला चार-पाच कप होत असतील, तर प्रेसमधली कॉफी कागदातून गाळून घ्यावी. तेलाबरोबर तिचा दाटपणाही जाईल, आणि प्रेस घेतला होता तो बहुधा त्या दाटपणासाठीच.