आशेलाही हंगाम हवा

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. या भागातील कपाशीचा शेतकरी मृगाच्या तोंडावर बियाण्याची पाकिटे घरी आणतो, तेव्हा त्या पाकिटांवर आणखी एका वर्गाची दृष्टी खिळलेली असते. जैवतंत्रज्ञानातील एखाद्या लहान कंपनीचे भाग चढ्या दराने घेऊन, ते कोसळल्यावरही जपून ठेवणारा अल्प बचतीचा भागधारक तो हा. कंपनी तोट्यात आहे, लाभांश बंद आहे. तरी ‘आता दिवस पालटणार’ ही त्याची श्रद्धा अभंग असते.

ही श्रद्धा सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली. मराठवाड्यातील एका गावी सुरू झालेल्या या उद्योगाचे नाव पुढे जगभर झाले आणि १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार लाभला. २००२ साली बीटी कपाशीला मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच देशातील बहुतेक कपाशी या वाणांची झाली. एक बीज एखाद्या उद्योगाचे भाग्य पालटू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

परंतु एकाचे भाग्य हा सर्वांचा नियम नव्हे. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने २००९ साली अनुकूल निर्णय दिला. पण फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याच्या लागवडीस स्थगिती दिली. प्रयोगशाळेतील यश बाजारापर्यंत पोहोचतेच असे नाही, हा त्याचा धडा. कपाशीच्या बियाण्याची किंमत केंद्राने २०१६ पासून स्वतः ठरविण्यास आरंभ केला. त्या वर्षी जनुकाच्या हक्कापोटी पाकिटामागे मिळणारी रक्कम ४९ रुपयांवर आणली गेली आणि २०२० साली ती शून्य झाली. तिकडे गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले. २०१७ साली विदर्भातील कापूस उत्पादकाने त्याची जबर किंमत मोजली. शासन, कीड आणि पाऊस या तिघांपैकी कोणीही संचालक मंडळाच्या आज्ञेत नाही. मग संचालकांच्या आश्वासनांवर किती विसंबावे?

बियाण्याच्या धंद्याचा हिशेबही फसवा असतो. कपाशीच्या बियाण्याची बहुतेक विक्री पेरणीपूर्वीच्या थोड्या आठवड्यांत उरकते. त्या तिमाहीचे आकडे डोळे दिपवितात. परंतु विक्रेत्यांकडून न खपलेला माल परत येतो, उधारी अडकते आणि साठविलेल्या बियाण्याची उगवणशक्ती घटत जाते. एका तिमाहीच्या नफ्याला पुनरुज्जीवन समजणे म्हणजे पहिल्या सरीला पावसाळा समजणे होय. वर्षाअखेर हाती आलेली रोकड, कर्जाचा भार, प्रवर्तकांनी गहाण टाकलेले भाग आणि लेखापरीक्षकाचा शेरा यांतूनच कंपनीची खरी प्रकृती कळते. हे सारे वार्षिक अहवालात छापलेले असते. पण तो अहवाल उघडण्याचे कष्ट किती भागधारक घेतात?

भाव उतरला की अनेकजण आणखी भाग घेऊन सरासरी खाली आणतात. ही भांडवलाची दुबार पेरणीच होय. मात्र शेतकरी दुबार पेरणी करतो ती पुन्हा पाऊस पडल्यावर, जमिनीतील ओल तपासून. पहिले बियाणे वाया गेल्याच्या संतापात नव्हे. भागधारकाला मात्र आपली चूक कबूल करण्यापेक्षा ती वाढविणे सोपे वाटते. विकत घेतानाचा भाव त्याच्या मनातून जात नाही. बाजाराला मात्र त्या भावाची आठवणही नसते.

आशा बाळगणे हा दोष नव्हे. आशेवाचून कोरडवाहू शेती होणार नाही आणि नवे संशोधनही उभे राहणार नाही. पण धामणगाव बढेच्या शेतकऱ्याच्या आशेला मुदत असते. दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येतो, हिशेब होतो आणि पुढल्या वर्षी कोणते वाण घ्यावयाचे, हे तो नव्याने ठरवितो. भागधारकाच्या आशेला असा सुगीचा दिवस नसतो. तो त्याने स्वतःच नेमला पाहिजे. अमुक मुदतीत रोकड आली नाही, कर्ज घटले नाही, तर बाहेर पडावयाचे, हा निश्चय भाग घेतानाच व्हावा. निवृत्तीची पुंजी अथवा मुलीच्या शिक्षणाचा पैसा अशा आशेवर पेरणे हे तर धाडसही नव्हे. तो घरातल्या माणसांवरील अन्याय होय.