कॅमेऱ्याचा चातुर्मास

आषाढी एकादशी झाली की आपल्याकडचे लग्नाचे बँड थांबतात, ते थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत. मंडपवाले कनाती धुऊन ठेवतात, आचारी शेताकडे वळतात. फोटोवाल्यांचंही तसंच. चिमूरला तर त्यांना दुहेरी सुट्टी असते. ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, म्हणजे कोलारा गेटकडे जाणाऱ्या जिप्सीही बंद आणि जंगलाचे फोटो काढणाऱ्या आपल्या पोरांचे कॅमेरेही पेटीत. घरातली बाई मग तो कॅमेरा नीट पुसते, बॅगेत घालते, वरून जुनी ओढणी गुंडाळते आणि कपाटाच्या अगदी आतल्या कप्प्यात ठेवते. दागिना ठेवावा तसा.

आणि कार्तिकात पहिली ऑर्डर आली की काढून बघावं, तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळीसारखे पांढुरके धागे!

बचत गटाच्या कामाने मी घरोघर फिरते. गटातल्या एका ताईकडे असंच झालं. तिच्या नवऱ्याचा छोटा स्टुडिओ आहे, लेन्स गटाच्या कर्जातून घेतलेली. नागपूरला दुरुस्तीला नेली, तर कारागीर म्हणाला, उघडून साफ करता येईल, पण काचेवरचा लेप बुरशीनं खाल्ला आहे, तो परत येणार नाही. हप्ते मात्र आणखी दहा बाकी होते. ती मला म्हणाली, "ताई, वापरून खराब झाला असता तर समजलं असतं. हा तर ठेवून ठेवून खराब झाला न!"

तिचं बोलणं अगदी खरं होतं. आपल्या भागात कॅमेरा वापरून कमी बिघडतो आणि ठेवून जास्त बिघडतो. हे एकदा कळलं की पुढचं काम सोपं आहे, आणि ते करायला इंजिनिअर लागत नाही. पापड-कुरडया वर्षभर कुरकुरीत ठेवणाऱ्या बाईला जे ज्ञान असतं, तेच इथे लागतं.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना वाढायला हवा असतो अंधार, ओल आणि कोंदट जागा. हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की त्या काचेवर रुजतात. तिथला थोडासा तेलकटपणा, धूळ, बोटांचे ठसे एवढं त्यांना पुरतं. वाढताना त्या आम्ल सोडतात आणि ते आम्ल लेन्सवरचा लेप खातं. आपल्याकडे श्रावणात पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर हिरवट थर येतो. ज्या घरात हे होतं, त्या घरात लेन्सला बुरशी लागणारच. शिवाय आपण कॅमेरा ठेवतो कुठे? चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत, जी स्वतःच ओल धरून बसते. आणि कपाट असतं पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला टेकून.

तर बॅग फक्त नेण्या-आणण्यासाठी ठेवावी. घरात कॅमेरा आणि लेन्स ठेवायला झाकणाला रबर असलेला मोठा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्यावा. भांड्यांच्या दुकानात मिळतो, धान्याला घेतो तोच. तळाशी धुतलेलं सुती कापड, बाजूला सिलिका जेलच्या दोन-तीन पुरचुंड्या. त्यात एक छोटा हायग्रोमीटर ठेवला तर उत्तमच. घड्याळाएवढा असतो, काहीशे रुपयांत येतो आणि आतली आर्द्रता आकड्यात दाखवतो. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असला की निर्धास्त राहा. अगदी ३० च्या खाली मात्र जाऊ देऊ नये, फार कोरड्या हवेत रबराचे भाग आणि आतलं वंगण वाळतं. ज्यांच्याकडे चार-पाच लेन्स आहेत त्यांनी विजेवर चालणारी कोरडी कपाटं घ्यावीत. लग्नाच्या एका ऑर्डरचे पैसे तिकडे गेले तरी ते फुकट जात नाहीत.

सिलिका जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात. तसे झाले की फेकायचे नाहीत. जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहिलं की पुन्हा निळे होतात. पण एक गोष्ट बजावून सांगते. या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो पोटात जाणं चांगलं नाही. म्हणून तो तवा वेगळा ठेवा, त्यावर खूण करा, पुन्हा पोळीला घेऊ नका, आणि लेकरांच्या हाताला दाणे लागू देऊ नका. नारिंगी रंगाचे दाणेही मिळतात, त्यात कोबाल्ट नसतो. मिळाले तर तेच घ्यावे. काही घरांत डब्यात तांदूळ ठेवलेले पाहिले. तांदळाची पिठी कॅमेऱ्याच्या सांध्यात शिरते, ते नको. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्या कसर मारतात, ओल शोषत नाहीत.

याहून मोठं औषध म्हणजे कॅमेरा वापरणं. आठवड्यातून एक दिवस ठरवा. डबा उघडा, लेन्स उजेडात धरून आरपार पाहा, पाच-पन्नास फोटो काढा. पोळ्याचे बैल आहेत, गणपती आहेत, रोवणी आहे, काढायला काय कमी आहे! फक्त लेन्स सूर्याकडे रोखून ठेवू नका. भिंगातून कागद जळतो तसा कॅमेऱ्याचा आतला पडदा जळू शकतो.

आता उन्हाळा. एप्रिल-मे आला की वाटतं, आता कुठली ओल? पण आपल्याकडे प्रत्येक घरात कूलर असतो. कूलर पाण्यातूनच हवा ओढतो, त्यामुळे ती खोली पावसाळ्यासारखीच दमट होते. म्हणून कॅमेऱ्याचा डबा आणि कॉम्प्युटर कूलरच्या झोतात कधी नको. बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गाडीच्या डिकीत बॅटऱ्या ठेवून लग्नात जेवायला बसू नये. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही. आणि चातुर्मासात बॅटरी कॅमेऱ्यातून काढून अर्धी भरलेली ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून महिनोन्‌महिने ठेवली की तिचा जोर कमी होतो.

थंडीतली गोष्ट वेगळी. पहाटेच्या सफारीहून कुडकुडत आलेला कॅमेरा घरात आल्या-आल्या उघडला की त्यावर पाण्याचं धुकं धरतं. फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसंच. तो बॅगेतच चेन लावून तासभर राहू द्यावा.

पुसण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे आपण बायकाच पुढे असतो. चष्मा, आरसा, लेकराचं नाक, सगळं पदराने! लेन्स मात्र पदराने पुसू नये. लग्नातली हळद, अक्षतांचा भुसा, माघात बालाजीच्या घोडायात्रेत उडणारी धूळ, हे सगळे कण काचेवर असतात, आणि कापड फिरवलं की ते काचेवर चरे ओढतात. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे कण बसतात. आधी रबरी फुगा दाबून हवेने धूळ उडवायची, मग मऊ मायक्रोफायबरचं कापड, तेही फक्त याच कामाचं. यात्रेच्या गर्दीत लेन्स बदलायचीच वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदलावी.

एवढी सोय कॅमेऱ्याची केली. पण त्या घरात दिवसाचे सहा-सात तास काम करणाऱ्या बाईची काय सोय असते? नवरा लग्नात, आणि ही घरी पासपोर्ट फोटो काढते, अल्बम जुळवते, उधारी वसूल करते. विचारलं तर म्हणते, "मी काही करत नाही, यांचा स्टुडिओ आहे." कॉम्प्युटर कुठे? तर पलंगाच्या कडेला स्टुलावर, आणि ही मांडी घालून, मान वर करून. चाळिशीआधीच मानेचा पट्टा.

खुर्ची अशी हवी की पाय जमिनीला टेकतील, नाही टेकले तर खाली पाट ठेवावा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणि स्क्रीन हातभर अंतरावर. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर, म्हणजे अंगणातल्या झाडाकडे बघायचं. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा आपल्या पाठीशी नको, बाजूला असावी. आणि भिंतीचा रंग! आपल्याकडे पोपटी आणि गुलाबी भिंतींची हौस फार. त्या रंगाची झाक गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर येते आणि मग शाळेच्या फॉर्मवरचं पोर कावीळ झाल्यासारखं दिसतं. फोटोच्या कोपऱ्यात भिंत पांढरी असावी. बसणाऱ्याला पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवा, म्हणजे मागे सावली पडत नाही. उत्तरेची खिडकी असेल तर ती जागा सोडू नका. तिथून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. लाईटच्या स्टँडच्या पायावर रेतीची थैली ठेवावी. पिठाची रिकामी थैली चालते. लेकरू धावलं तरी दिवा डोक्यावर येत नाही.

घरातच असं काम करणं आपल्या बायकांना नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायचं कामही त्यांनी केलं. त्यांच्याकडे वेगळी खोली होती का, खुर्ची होती का, हे कुणी लिहून ठेवल्याचं मी वाचलेलं नाही.

लग्नाचे फोटो एकदाच निघतात, म्हणून कार्डातून उतरवले की तीन ठिकाणी ठेवा. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, माहेरी ठेवलं तरी चालेल. अल्बम गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत कार्ड पुसू नये. रोहिणी-मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की यूपीएसच्या भरवशावर न राहता प्लग काढा, आणि इंटरनेटची तारही काढा. वीज त्या तारेनेही आत येते. कॅमेऱ्याचं बिल आणि त्यावरचा नंबर वहीत लिहून ठेवा, विम्याला आणि चोरी झाली तर पोलिसांना तोच लागतो.

आता शेवटचं, कागदाचं. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, साडी नेसून जड कॅमेरा खांद्यावर घेऊन दिल्लीत फिरल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. आपल्या गटातल्या बायकांचं अजून तसंच चाललंय. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाईन होते, त्याला आधार आणि पॅन लागतं, आणि सरकारी संकेतस्थळावर ती फुकट आहे. कुणी फी मागितली तर देऊ नका. व्यवसाय चालवणारी तुम्ही असाल तर मालक म्हणून तुमचंच नाव घाला. मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज मागायला बँकेत जाल, तेव्हा तो कागद सोबत न्या. पहिल्या पैशात डबा, सिलिका जेल आणि खुर्ची घ्या. दुसरी लेन्स पुढच्या लग्नसराईला घेता येईल.