उन्हाळ्यातील जर्मन शाळा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शाळेत मराठी शिकता आणि खामगाव, मलकापूरच्या बाजारात ती रोज ऐकता. पण जी भाषा आसपास कोणीच बोलत नाही, ती कशी शिकावी?

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मिडलबरी कॉलेज आहे. तेथे १९१५ साली लिलियन स्ट्रोबे या प्राध्यापिकेने उन्हाळी जर्मन शाळा सुरू केली. विद्यार्थ्यांनी तेथेच राहायचे आणि वर्गात, जेवताना, फिरताना जर्मनच बोलायचे, अशी तिची पद्धत होती. लवकरच १९१६ साली फ्रेंच व १९१७ साली स्पॅनिश शाळाही निघाली.

परंतु १९१७ सालीच अमेरिका जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरली. लोकांचा राग जर्मन भाषेवरही निघाला. अनेक शाळांतून हा विषय काढून टाकण्यात आला. मिडलबरीची जर्मन शाळाही बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली १९३१ साली! आजही तेथील विद्यार्थी शिकत असलेल्या भाषेतच बोलण्याची लेखी प्रतिज्ञा करतात.

मित्रांनो, भाषा कोणाचीही शत्रू नसते. तिच्यावर राग धरला, तर नुकसान शिकणाऱ्याचेच होते. भाषा बोलल्यानेच येते. म्हणून तुम्हीही चुकांना न भिता रोज थोडा वेळ फक्त मराठीत बोला.