नाक दाबलं की ॲप उघडतं!

शनिवारी सकाळी फोन हातात घेतला आणि रोजचं ॲप उघडेचना! ३१ ऑगस्ट २०२४ ला ब्राझीलमधल्या कितीतरी लोकांचं असं झालं. एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, तिथे सुमारे दोन कोटी लोक वापरत होते. फोन ठीक, इंटरनेट ठीक, कंपनीही ठणठणीत. मग झालं काय? न्यायालयाने ते बंद करायला सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, कंपनी अमेरिकेची, मालक एलॉन मस्कही अमेरिकेत. ब्राझीलच्या न्यायाधीशांचं ते कशाला ऐकतील? ब्राझीलचे पोलीस काय विमानात बसून त्यांना धरून आणणार? नाही आणणार, तसं करताच येत नाही. पण ॲप कितीही परदेशी असलं, तरी तुमच्या फोनपर्यंत पोचायला त्याला बहुतेक वेळा तुमच्याच देशातल्या तारांमधून आणि टॉवरवरून यावं लागतं. तिथे त्याचं नाक दाबता येतं. आणि नाक दाबलं की काय उघडतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

भांडण जुनं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेक्झांद्रे दी मोराइस यांनी एक्सवरची काही खाती बंद करायला सांगितली होती. खोट्या बातम्या पसरवून ही मंडळी लोकशाहीला सुरुंग लावताहेत, असं त्यांचं म्हणणं. मस्क म्हणाले, ही तर सरळसरळ मुस्कटदाबी! (कोण बरोबर, यावर मोठी माणसं अजून भांडताहेत. त्यांना भांडू द्या.) हुकूम न पाळल्याचा दंड वाढत चालला, तेव्हा एक्सने ब्राझीलमधलं कार्यालयच बंद करून टाकलं. आता द्या बघू नोटीस कुणाला देता ती! न्यायालयही वस्ताद. त्याने नोटीस चक्क एक्सवरच मस्क यांच्या नावाने टाकली: २४ तासांत इथे तुमचा प्रतिनिधी नेमा, नाहीतर ॲप बंद.

मस्क बधले नाहीत. मग ब्राझीलमध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या, लहानमोठ्या मिळून २० हजारांवर कंपन्यांना हुकूम गेला. प्रत्येक संकेतस्थळाला इंटरनेटवर आकड्यांचा एक पत्ता असतो. त्या पत्त्याकडे जाणारी विचारणा पुढे पाठवायचीच नाही, एवढंच त्यांनी करायचं. मस्क यांचीच स्टारलिंक कंपनीही तिथे उपग्रहावरून इंटरनेट पुरवते. ती आधी ‘नाही’ म्हणाली. पण तिची बँक खाती न्यायालयाने आधीच गोठवली होती, त्यामुळे थोड्याच दिवसांत तीही मुकाट्याने तयार झाली. व्हीपीएन वापरून आडवाटेने एक्सवर जाणाऱ्याला तर दिवसाला ५० हजार रिआल (हे ब्राझीलचं चलन) दंड ठरला. साध्या माणसाला एवढा दंड? मला तरी हा अतिरेक वाटतो.

सप्टेंबरच्या मध्यावर एक भारी गंमत झाली. एक्स अचानक पुन्हा दिसू लागलं! त्याने आपला कारभार क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीच्या पत्त्यांवर हलवला होता. हे पत्ते म्हणजे जणू एक मोठी इमारत. तिच्यात एक्स राहायला आलं, पण शेजारी बँका आणि सरकारी सेवाही राहतात. इमारतीच्या फाटकाला कुलूप लावलं, तर सगळेच कोंडले जाणार. ‘आम्ही मुद्दाम केलं नाही,’ असं एक्सने सांगितलं. न्यायालयाने मात्र दिवसाला ५० लाख रिआल दंडाची तंबी दिली.

शेवटी एक्सने प्रतिनिधी नेमला, ती खाती बंद केली आणि २ कोटी ८६ लाख रिआल दंडही भरला. तोही आधी चुकीच्या बँक खात्यात! ८ ऑक्टोबरला न्यायालयाने एक्स पुन्हा सुरू करायला परवानगी दिली.

म्हणजे देशापुढे ॲपचं काहीच चालत नाही? थांबा, रशियाकडे बघा. टेलिग्राम हे संदेश पाठवायचं ॲप आपल्या संदेशांच्या गुप्त किल्ल्या सरकारला देईना, म्हणून एप्रिल २०१८ मध्ये रशियाने ते बंद करायला घेतलं. टेलिग्राम पत्ते बदलत पळू लागलं, कधी ॲमेझॉनच्या तर कधी गूगलच्या यंत्रणेवर. सरकारनेही मागे धावत लाखो पत्ते अडवले. त्यात भलत्याच कंपन्यांची कामं अडली आणि टेलिग्राम चालूच राहिलं! बंदी असताना रशियाची सरकारी खातीसुद्धा ते वापरत होती. जून २०२० मध्ये बंदी उठवली. टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव २०१४ मध्येच देश सोडून गेले होते. नाक दाबायला हाताशी कुणी नव्हतंच.

पण माणूस कुठे ना कुठे उतरतोच. ब्राझीलमध्ये एक्स बंद पडलं, त्याच्या आधल्याच शनिवारी दुरोव यांचं विमान पॅरिसजवळ उतरलं आणि फ्रान्सच्या पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. चार दिवसांनी ५० लाख युरोंच्या जामिनावर ते सुटले.

आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली, ते तुमच्या ताई-दादांना आठवत असेल. पुढे २०२१ च्या नियमांनी सांगितलं की, भारतात ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमलाच पाहिजे आणि कंपनीचा इथला पत्ताही दिला पाहिजे. आईबाबांच्या फोनवरचं असं एखादं ॲप उघडा आणि ‘मदत’ विभागात त्या अधिकाऱ्याचं नाव शोधून काढा बघू!